कळफलक जुळणी (एम्युलेटर)

एका संगणकावर दुसऱ्या संगणकाची हुबेहूब नक्कल चालवणाऱ्या प्रणालीस एम्युलेटर म्हणतात. यजमान संगणकाची कळ दाबली असता पाहुण्या संगणकाची कोणती कळ दाबली गेली असे मानायचे, हे ठरवणारी योजना म्हणजे कळफलक जुळणी होय.

ही जुळणी दोन प्रकारची असते. चिन्हानुसारी जुळणीत कळेवर छापलेले चिन्हच उमटते. स्थानानुसारी जुळणीत कळेची मूळ जागा जपली जाते. कमोडोर ६४ (१९८२) या संगणकावर शिफ्ट व २ या कळांनी दुहेरी अवतरणचिन्ह उमटते. आजच्या अमेरिकी कळफलकावर त्यांनीच @ उमटते. कमोडोरवर @ शिफ्टविना मिळत असल्याने चिन्हानुसारी जुळणीत एम्युलेटरला दाबलेली शिफ्ट पाहुण्यापासून लपवावी लागते. म्हणून बेसिक भाषेतील टंकलेखनास पहिला प्रकार सोयीचा ठरतो, तर कळांच्या जागांवर बेतलेल्या खेळांना दुसरा.

काही कळांना आधुनिक कळफलकावर जोड नसते. व्हाइस या एम्युलेटरमध्ये 'रन/स्टॉप'साठी सामान्यतः एस्केप, तर 'रिस्टोर'साठी पेज अप ही कळ योजलेली असते. 'रिस्टोर' ही कळ इतर कळांच्या ८ × ८ जाळीत नसून प्रोसेसरच्या इंटरप्टशी जोडलेली असल्याने तिची नक्कल स्वतंत्रपणे करावी लागते.