माउंट ऑप्शन्सची जुनी नोंद नव्या कर्नलवर का अडते?

बुलढाणा जिल्ह्यात मी अभ्यासिका, दुकानं यांचे लिनक्सवरचे छोटे सर्व्हर सांभाळतो. सर्व्हरसोबत बहुतेक ठिकाणी एक जुनी वही मिळते. त्यात एखादी ओळ अशी असते: 'डेटाची डिस्क नोबॅरियर लावून माउंट करा, वेग वाढतो.' ही ओळ आज तशीच वापरली, तर सर्व्हर सुरूच होणार नाही, असंही होऊ शकतं.

माउंट ऑप्शन म्हणजे काय?
डिस्क सिस्टिमला जोडताना दिलेली सूचना. ती एफएसटॅब फाइलच्या चौथ्या रकान्यात असते.

नोबॅरियर
डिस्कच्या स्वतःच्या कॅशमधला डेटा वीज गेली की पुसला जातो. म्हणून जर्नलची नोंद खरोखर डिस्कवर पोचल्याची खात्री करून घेण्याचं काम बॅरियर करतो. नोबॅरियर ही खात्री सोडून देतो. कॅशला बॅटरीचा आधार असेल तरच ते परवडतं. खामगाव असो की मेहकर, पावसाळ्यात लाइट कधी जाईल याचा नेम नाही; साध्या डिस्कवर हा सौदा महागात पडतो.

एक्सएफएसने हा ऑप्शन कर्नल ४.१० मध्ये कालबाह्य ठरवला आणि ४.१९ मध्ये (२०१८) काढून टाकला. आता तिथे बॅरियर कायम चालू असतो आणि नोबॅरियर लिहिलं की माउंटच होत नाही. त्या ओळीत नोफेल नसेल, तर सिस्टिमडी असलेलं मशीन थेट इमर्जन्सी मोडमध्ये जातं. ईएक्सटी४ मात्र हाच शब्द अजून स्वीकारतं. म्हणून वहीत फाइल सिस्टिमचं नाव हवंच.

नोएटाइम
फाइल वाचली की वाचनाची वेळ लिहिली जाते. नोएटाइम ते थांबवतो. पण कर्नल २.६.३० पासून (२००९) रिलेटाइम आपोआप लागू असतो. मागच्या वाचनानंतर फाइल बदलली असेल किंवा २४ तास उलटले असतील, तरच तो नवी वेळ लिहितो. त्यामुळे नोएटाइमचा फायदा पूर्वीइतका मोठा राहिलेला नाही.

नोंद कशी अपडेट कराल?
१. प्रत्येक ऑप्शनसमोर फाइल सिस्टिम, कर्नलची आवृत्ती, कारण, धोका आणि तपासल्याची तारीख लिहा.
२. सध्या खरोखर काय लागू आहे ते फाइंडएमएनटी कमांडने बघा. वहीत एक आणि मशीनवर दुसरंच, असं बऱ्याचदा निघतं.
३. एफएसटॅब बदलल्यावर फाइंडएमएनटीचा व्हेरिफाय पर्याय चालवा. तो मांडणीतल्या चुका दाखवतो. ऑप्शन चालतो का, हे मात्र माउंट करूनच कळतं. आधी बॅकअप घ्या, मग गर्दी नसताना डिस्क काढून पुन्हा जोडून बघा.
४. कर्नल अपग्रेड झाला की तिसरी पायरी पुन्हा करा.
५. जुनी ओळ खोडू नका. ती कधी आणि का रद्द झाली तेवढं शेजारी लिहा, म्हणजे पुढचा माणूस तीच ओळ इंटरनेटवरून पुन्हा आणणार नाही.