दुखण्यावरची गोळी आणि तिचा इतिहास



औषधाच्या दुकानात जाऊन दुखण्यावरची गोळी मागणे हा आज इतका साधा व्यवहार झाला आहे की, त्यात काही विचार करण्याजोगे आहे असे कोणास वाटतही नाही. दाढ ठणकली, कंबर धरली, गुडघ्याने कुरकुर केली, की घरातल्या फडताळातून किंवा कचेरीतल्या शेजाऱ्याच्या खणातून एक गोळी निघते, घोटभर पाण्याबरोबर पोटात जाते आणि तासाभरात माणूस कामाला लागतो. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, नेप्रोक्सेन अशी तिची अनेक नावे आहेत. पण ही सारी एकाच घराण्यातली भावंडे. दाह शमवून वेदना कमी करणे हा त्यांचा कुळधर्म. त्यांच्या वेष्टनावर बारीक अक्षरांत काही सूचना छापलेल्या असतात : पोटात व्रण असल्यास घेऊ नये, मूत्रपिंडाचा अथवा हृदयाचा विकार असल्यास वैद्यकीय सल्ला घ्यावा, लहान मुलांना देऊ नये, इत्यादी. या ओळी कोणी वाचत नाही. वस्तुतः त्यांतील बहुतेक ओळींच्या मागे एकेक सन आहे, आणि त्या सनामागे औषधाची किंमत चुकविलेली माणसे आहेत. तो इतिहास थोडक्यात सांगावा असा माझा आजचा हेतू आहे.

या घराण्याचे मूळ झाडाच्या सालीत आहे. आपल्याकडे ओढ्यानाल्यांच्या काठी वाळुंज नावाचे झाड आढळते. त्याच्याच कुळातली ‘विलो’ नावाची झाडे युरोपात नदीकाठी वाढतात. इंग्लंडातील ऑक्सफर्डशायर परगण्यात चिपिंग नॉर्टन नावाचे एक गाव आहे. तेथील एडवर्ड स्टोन या धर्मोपदेशकाने एकदा या झाडाची साल सहज चाखून पाहिली, तेव्हा ती कमालीची कडू लागली. हिवतापावर दिली जाणारी पेरू देशातील सिंकोनाची महागडी साल अशीच कडू असते, हे त्याला ठाऊक होते. शिवाय हिवताप दलदलीच्या प्रदेशात होतो, विलोही तेथेच वाढतो, तेव्हा ईश्वराने रोगाशेजारीच उपाय ठेवला असला पाहिजे, असा त्या काळाला साजेसा तर्क त्याने केला. त्याने ती साल भटारखान्याच्या भट्टीवर तीन महिने वाळविली, कुटून तिचे चूर्ण केले, आणि पाच वर्षांत सुमारे पन्नास रुग्णांना देऊन पाहिले. १७६३ साली त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहून आपला अनुभव कळविला. ताप उतरत होता हे खरे. पण हिवतापाचे जंतू त्या चुर्णाने मरत नव्हते. लक्षण शमले आणि रोग जागच्या जागी राहिला, हा या घराण्याचा स्वभाव पहिल्याच प्रयोगात दिसून आला होता. पुढे अडीच शतके लोक तो विसरत आले आहेत.

त्यानंतरची रसायनशास्त्रज्ञांची कामगिरी भराभर सांगतो. १८२८ साली म्यूनिक येथे बुखनर याने सालीतून सॅलिसिन वेगळे केले. १८३८ साली पिरिया याने त्यापासून सॅलिसिलिक आम्ल मिळविले. पुढे जर्मनीत कोल्बे याने तेच आम्ल कारखान्यात तयार करण्याचा मार्ग दाखविला. १८७६ साली स्कॉटलंडातील डंडी येथे मॅक्लॅगन या डॉक्टरने संधिवातज्वरावर सॅलिसिन यशस्वीपणे वापरले. आम्लही गुणकारी होते, परंतु ते घेणे म्हणजे शिक्षाच असे. घसा जळे, पोट ढवळून येई, कानांत अखंड घंटानाद सुरू होई.

ही शिक्षा सौम्य करण्यासाठी बायर या जर्मन कंपनीच्या प्रयोगशाळेत १८९७ च्या ऑगस्टमध्ये फेलिक्स हॉफमन याने त्या आम्लाला अॅसिटिल गटाची जोड देऊन शुद्ध स्वरूपातील नवे औषध तयार केले. १८९९ साली त्याला ॲस्पिरिन हे नाव मिळाले. हॉफमनने हे वडिलांच्या संधिवातासाठी केले, अशी गोष्ट सांगितली जाते. तथापि खरी प्रेरणा आपली होती असे त्याच कंपनीतील आर्थर आयखेनग्र्यून याने १९४९ साली लिहिले. तो ज्यू होता, आणि नाझींच्या छळछावणीतून जिवंत बाहेर आला होता. त्याचा दावा साधार आहे असे काही इतिहासकारांना वाटते. याहून मौज अशी की, औषधे तपासणाऱ्या ड्रेसर या अधिकाऱ्याने ॲस्पिरिन प्रथम बाजूला ठेवले, कारण ते हृदयाला अपायकारक असेल अशी त्याची समजूत होती. आज तेच औषध अल्प मात्रेत हृदयविकाराच्या असंख्य रुग्णांना रोज दिले जाते.

नव्या गोळीने घसा जळत नसे, त्यामुळे ती पोटालाही सौम्य आहे असा समज रूढ झाला. तो चाळीस वर्षे टिकला. १९३८ साली लंडनच्या गाय्ज रुग्णालयात डाऊथवेट आणि लिंटॉट या दोघांनी जठरात नळी घालून आत पाहण्याचे त्या काळी नवे असलेले साधन वापरले. ॲस्पिरिन घेतलेल्या माणसांच्या जठराचे अस्तर लाल झालेले, ठिकठिकाणी रक्ताळलेले त्यांना दिसले. यांतील अनेकांना काहीही त्रास जाणवत नव्हता! येथे क्षणभर थांबले पाहिजे. आपण मात्र ‘मला कधी त्रास होत नाही’ हाच औषध सोसते आहे याचा पुरावा समजतो.

रक्ताची गोष्टही अशीच ध्यानीमनी नसता उघड झाली. कॅलिफोर्नियातील ग्लेंडेल येथे लॉरेन्स क्रेव्हन नावाचा डॉक्टर टॉन्सिलच्या शस्त्रक्रिया करीत असे. वेदना कमी व्हाव्यात म्हणून रुग्णांना ॲस्पिरिनयुक्त डिंक चघळण्यास दिल्यावर काहींना फार रक्तस्राव होऊ लागला. हे औषध रक्त गोठू देत नसेल, तर हृदयाच्या धमनीतली गुठळीही ते रोखू शकेल, असे त्याने ताडले आणि १९५० पासून काही लेखही लिहिले. ते मान्यवर नियतकालिकांत नव्हते, म्हणून फारसे कोणी लक्ष दिले नाही. स्वतः क्रेव्हन १९५७ साली हृदयविकारानेच वारला.

हे सारे का घडते, याचा उलगडा १९७१ साली लंडनमध्ये जॉन व्हेन याने केला. आपल्या शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात. दुखापत झाली की तीच सूज आणि वेदना उत्पन्न करतात. ही द्रव्ये बनविणारे एन्झाइम या गोळ्या बंद पाडतात, म्हणून वेदना थांबते. परंतु हीच द्रव्ये जठराच्या अस्तराला आम्लापासून जपतात, मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा चालू ठेवतात, आणि त्यांच्याच जवळची दोन द्रव्ये रक्त गोठावे की वाहते राहावे याचा तोल सांभाळतात. गुडघ्यासाठी घेतलेल्या गोळीला गुडघा तेवढा ओळखता येत नाही. ती रक्तावाटे सर्वत्र जाते. या संशोधनासाठी व्हेन यास १९८२ साली दोन स्वीडिश शास्त्रज्ञांसमवेत नोबेल पारितोषिक मिळाले.

त्यावरून एक घरगुती समज तपासून घेता येतो. ‘जेवून घेतली की गोळी बाधत नाही’ असे आपण म्हणतो. भरल्या पोटी घेतल्याने जळजळ कमी होते, हे बरोबर आहे. पण व्रणाचा धोका त्याने टळत नाही, कारण तो मुख्यतः रक्तातून येतो. हेच औषध सुईने टोचले, तरीही जठरात व्रण होऊ शकतो. वय साठीपलीकडे असेल, पूर्वी व्रण झालेला असेल, रक्त पातळ करणारे औषध चालू असेल, तर धोका अनेक पटींनी वाढतो. अशांना गोळी द्यावीच लागली, तर डॉक्टर सोबत आम्ल कमी करणारे औषध देतात.

मूत्रपिंडाची कहाणी अधिक दुःखद आहे. ब्रिटनमध्ये १९८० साली बेनॉक्साप्रोफेन नावाची नवी गोळी मोठ्या गाजावाजाने आली. वृद्धांच्या शरीरातून ती फार सावकाश बाहेर पडते हे पुरेसे ध्यानात घेतले गेले नव्हते. यकृत व मूत्रपिंड निकामी होऊन अनेक वृद्ध दगावले, आणि १९८२ च्या ऑगस्टमध्ये ती बंद झाली. आजही रक्तदाबाच्या काही गोळ्या, लघवी वाढविणारी गोळी आणि वेदनाशामक गोळी ही तीन एकत्र आली, विशेषतः उलट्या-जुलाबांनी अंगातले पाणी कमी झाले असेल अशा वेळी, तर धडधाकट वाटणाऱ्या माणसाचे मूत्रपिंडही काही दिवसांत बंद पडू शकते.

माणसांच्या बाबतीत हे चटकन दिसत नाही. आपल्या देशात ते दिसले गिधाडांच्या बाबतीत. १९९० नंतर भरतपूरच्या पक्षी-अभयारण्यात मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासकांना गिधाडे झपाट्याने कमी होताना आढळली. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची भारतातील संख्या ९९.९ टक्क्यांनी घटली. कारण २००४ साली पाकिस्तानात केलेल्या संशोधनात सापडले. दुखऱ्या, लंगड्या जनावरांना डायक्लोफेनॅक टोचले जाई. असे जनावर मेल्यावर त्याचे मांस खाणाऱ्या गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होई, आणि यूरिक आम्लाचा पांढरा थर त्याच्या अंतर्गत अवयवांवर साचे. मुंबईत मलबार हिलवरील पारशी समाजाच्या दोखम्यांवर गिधाडे उतरेनाशी झाली. तेथे सूर्यकिरण एकवटणारी साधने बसविण्याची पाळी आली. २००६ साली सरकारने जनावरांसाठी या औषधाच्या उत्पादनावर बंदी घातली. पण माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोहोचतच राहिल्या, म्हणून २०१५ साली माणसांसाठीचे हे इंजेक्शन ३ मिलिलिटरच्या, एकाच मात्रेच्या कुपीतच विकावे असा आदेश निघाला. बंदीचा हुकूम निघणे आणि तो गोठ्यापर्यंत पोहोचणे यांत किती अंतर असते, हे माझ्यासारख्या सरकारी नोकरास वेगळे सांगावे लागत नाही.

जठराला न दुखविणारी गोळी शोधण्याचा प्रयत्नही झाला. व्हेनने सांगितलेल्या एन्झाइमचे दोन प्रकार आहेत, हे १९९१ च्या सुमारास कळले. एक नित्याचे घरकाम करणारा, तर दुसरा मुख्यतः दाहाच्या वेळी कामाला लागणारा. फक्त दुसऱ्याला रोखणाऱ्या गोळ्या निघाल्या. त्यांपैकी रोफेकॉक्सिब १९९९ साली बाजारात आली. २००० साली प्रसिद्ध झालेल्या, आठ हजारांवर रुग्णांच्या चाचणीत तिने जठर खरोखरच वाचविले. पण नेप्रोक्सेन घेणाऱ्यांपेक्षा ती घेणाऱ्यांत हृदयविकाराचे झटके अधिक आढळले. तेव्हा ‘नेप्रोक्सेनच हृदयाचे रक्षण करीत असावे’ असा खुलासा पुढे करण्यात आला. दप्तरी भाषेत बोलावयाचे, तर प्रतिकूल शेरा चार वर्षे फाइलीत पडून राहिला. दुसऱ्या एका चाचणीत औषधविरहित गोळीशी तुलना केल्यावर संशयाला जागा उरली नाही, आणि ३० सप्टेंबर २००४ रोजी कंपनीने ती जगभरातून मागे घेतली. तोवर आठ कोटी लोकांनी ती घेतली होती. भारतातही त्याच वर्षाअखेर तिच्यावर बंदी आली. मागाहून असे दिसून आले की, हा दोष थोड्याफार प्रमाणात या घराण्यातील बहुतेकांत आहे. ज्यांना हृदयविकार वा पक्षाघात होऊन गेला आहे त्यांनी डायक्लोफेनॅक घेऊ नये, असे युरोपच्या औषध नियंत्रकांनी २०१३ साली बजावले. हृदयासाठी रोज ॲस्पिरिन घेणाऱ्याने आयब्युप्रोफेनही आपल्या मनाने घेऊ नये; ते ॲस्पिरिनच्या कामात आड येते.

मुलांविषयीची सूचना ऑस्ट्रेलियातून आली. सिडनीचे डॉक्टर रे यांनी १९६३ साली मुलांच्या मेंदूला व यकृताला ग्रासणाऱ्या एका आजाराचे वर्णन केले. फ्लू किंवा कांजिण्यांच्या तापात ॲस्पिरिन दिलेल्या मुलांत तो अधिक आढळतो हे पुढे निष्पन्न झाले, आणि १९८६ साली ब्रिटनमध्ये बारा वर्षांखालील मुलांना ॲस्पिरिन देणे थांबले. आपल्याकडे २०११ साली त्याच वयाच्या मुलांसाठी निमेसुलाइडवर बंदी आली. गरोदर स्त्रियांनी, विशेषतः विसाव्या आठवड्यानंतर, यांतील कोणतीही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. आणि पावसाळ्यातला कोणताही ताप डेंग्यूचा असू शकतो. त्यात आधीच रक्तबिंबिका कमी झालेल्या असतात, म्हणून निदान होईपर्यंत ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन टाळून बेताने पॅरासिटामॉल द्यावे, असाच वैद्यकाचा निर्वाळा आहे. पॅरासिटामॉल या घराण्यातले नाही. जठराला ते त्रास देत नाही. अतिमात्रेत मात्र यकृताचा घात करते.

आपल्या बाजारातला एक विशेष धोका मिश्र गोळ्यांचा. एकाच गोळीत ॲसिक्लोफेनॅक व पॅरासिटामॉल, दुसरीत आयब्युप्रोफेन व पॅरासिटामॉल, आणि वर आकर्षक व्यापारी नाव. अस्थितज्ज्ञाने एक दिली, दंतवैद्याने दुसरी दिली, शेजाऱ्याने तिसरी सुचविली, तर माणूस तीन वेगळी औषधे समजून एकच औषध तिप्पट घेत असतो. त्याने वेदना तिप्पट कमी होत नाही, अपाय तेवढा वाढतो. म्हणून व्यापारी नावाखालचे बारीक अक्षरांतले मूळ नाव वाचावे, या घराण्यातली एका वेळी एकच गोळी, पुरेल तेवढ्या कमीत कमी मात्रेत आणि कमीत कमी दिवस घ्यावी, आणि दुखणे चारपाच दिवसांत हटले नाही तर गोळी न वाढविता दुखण्याचे कारण शोधावे. गोळ्या चालू असता शौचास डांबरासारखे काळे झाले, रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी झाली, छातीत दुखू लागले, लघवी एकाएकी कमी झाली, अथवा पावलांवर सूज चढली, तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी, रात्र असल्यास रात्रीच, रुग्णालय गाठावे आणि जाताना घरात असतील तेवढी सारी पाकिटे बरोबर न्यावीत.