ओठाला झोंबणारी वाइन आणि आईची कालवं

गॉलवेला आलो त्या वर्षी सप्टेंबरमध्ये आई आमच्याकडे आली होती. गॉलवेत सप्टेंबर म्हणजे ऑयस्टर फेस्टिव्हल, १९५४ पासूनचा. माणसं शिंपली उघडून, वर लिंबू पिळून, कालव कच्चंच गिळत होती. माझी आई रत्नागिरीची. ओहोटीला खडकावरची कालवं फोडणाऱ्या बायका तिने लहानपणापासून पाहिलेल्या. पण हे बघून म्हणाली, "अगं, मसाला नाही, फोडणी नाही, जिवंतच?" शेजारच्या टेबलावर हिरव्या, उंच बाटलीत फिकट पांढरी वाइन होती. नाव पिकपूल द पिने. माझी तिच्याशी ओळख तिथली.

ही मूळची दक्षिण फ्रान्समधल्या लांगदोक प्रांतातली. तिथे समुद्राला लागून खाऱ्या पाण्याचं मोठं सरोवर आहे, त्याचं नाव तो. (उच्चार आपल्या 'तो'सारखाच, त्यामुळे घरी बराच गोंधळ होतो.) काठावर पिने, मेझ वगैरे गावांत पिकपूल द्राक्षाचे मळे, आणि पाण्यात दोरांना टांगून वाढवलेली कालवं. पिकपूल म्हणजे 'ओठाला झोंबणारी' असं लोक सांगतात. आंबटपणा बघता पटतं.

मंडळी, आयरिश माणसाचं फ्रेंच वाइनशी नातं फार जुनं. १६९१ च्या लिमरिक तहानंतर हजारो आयरिश सैनिक देश सोडून फ्रान्सला गेले. त्यांना 'वाइल्ड गीझ', म्हणजे रानहंस म्हणतात. व्यापारीही गेले. आमच्या गॉलवेचा जॉन लिंच बोर्दोला गेला आणि त्याचा नातू १८०९ मध्ये त्याच शहराचा महापौर झाला! शातो लिंच-बाज या नावात ते घराणं अजून आहे. थॉमस बार्टन १७२२ मध्ये गेला. कॉर्कच्या रिचर्ड हेनेसीने १७६५ मध्ये कोन्याकमध्ये ब्रँडीचा धंदा मांडला. परक्या देशात जाऊन तिथल्या बाटलीवर आपलं आडनाव लावणं म्हणजे काय, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

पण या साऱ्यात पिकपूल कुठेच नाही. १६८१ मध्ये रिकेने बांधलेला कालवा खुला झाला, तोच तो सरोवर ते तुलूझ. तिथून नदीने थेट बोर्दो. म्हणजे वाट होती. पण बोर्दोवाल्यांना जुने राजेशाही हक्क होते, आपली वाइन विकली जाईपर्यंत वरच्या मुलखातली वाइन ते अडवून ठेवत. १७७६ मध्ये तुर्गो या मंत्र्याने ते हक्क रद्द केले. (कारखानदार आपलाच ऊस आधी गाळतो, तसंच हे!) पुढे १८६० च्या दशकात फिलॉक्सेरा किडीने फ्रान्सचे मळे खाल्ले. फिरून लागवड करताना अनेकांनी जास्त उत्पन्न देणारी द्राक्षं निवडली. पिकपूल समुद्रकाठच्या वाळूत टिकून राहिली. बरीचशी वर्मूथ करण्यात जात असे. सरोवराकाठच्या मार्सेयाँ गावात न्वाली प्रा आजही ते करते. स्वतःच्या नावाचा वेगळा दर्जा पिकपूलला मिळाला तो २०१३ मध्ये.

आता खाण्याचं. माझा साधा नियम असा, ज्या माशावर लिंबू पिळावंसं वाटतं, त्याच्याबरोबर पिकपूल. बोंबील रवा फ्राय, तिसऱ्या, कोळंबी, तळलेली सुरमई. तिखटजाळ रस्सा मात्र नको, अल्कोहोलने तिखट अजून चढतं. चकली, शेव, कडबोळी चालतील. जे पीत नाहीत त्यांच्यासाठी सोलकढी आहेच, ती हेच काम करते, आणि खरं सांगायचं तर जास्त छान करते.

गोडाबरोबर मात्र घात होतो, हे मी स्वतः केलं म्हणून सांगते. त्या दिवाळीला मी करंजीच्या ताटाशेजारी पिकपूल ठेवली. आईने आधीच बजावलं होतं, "नैवेद्य होईपर्यंत ती बाटली बाहेर काढायची नाही." नैवेद्य झाला, पाहुण्यांनी करंजी खाऊन घोट घेतला आणि सगळ्यांची तोंडं वाकडी! गोड खाल्लं की कोरडी वाइन नुसती आंबट लागते. करंजी-अनारशाला त्याच सरोवराच्या पूर्वेला, फ्रोंतिन्याँमध्ये होणारी गोड मस्कात वाइन हवी. हे मला पुढच्या वर्षी कळलं.

दुसऱ्या दिवशी आईने बाजारातून डझनभर कालवं आणायला लावली. कांदा, ओलं खोबरं, आमसूल घालून सुकं केलं. आमच्या आयरिश शेजाऱ्यांनी उरलेली पिकपूल घेऊन ती चाखली आणि म्हणाले, कालवं शिजवल्यावर अशी लागतात हे माहीतच नव्हतं. आईने वाइनला हात लावला नाही. पण जाताना मला म्हणाली, "रत्नागिरीला कालवांचं सांग. बाटलीचं नको."