१० ऑगस्ट : हेन्री मोस्ले यांचा स्मृतिदिन

सन १९१५ मध्ये आजच्या दिवशी गॅलिपोलीच्या रणभूमीवर ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ हेन्री मोस्ले गोळी लागून मारले गेले. वय अवघे २७. केवढी मोठी हानी!

मोस्ले यांनी १९१३ मध्ये मँचेस्टरच्या प्रयोगशाळेत एकेका मूलद्रव्यावर इलेक्ट्रॉनांचा मारा करून बाहेर पडणारे क्ष-किरण मोजले. त्यांच्या वारंवारितेचे वर्गमूळ अणुक्रमांकागणिक ठरावीक पायरीने वाढते, असे त्यांना आढळले. म्हणजे क्ष-किरण पाहून मूलद्रव्य ओळखता येते. ७२ क्रमांकाचे हाफ्नियम १९२३ मध्ये असेच सापडले.

आज ठाण्यात खोपट असो वा जांभळी नाका, जुनी पाटली मोडायला नेली की अनेक सराफ ती याच तत्त्वावर चालणाऱ्या ‘कॅरेट मीटर’मध्ये ठेवतात. यंत्रातले क्ष-किरण पाटलीवर पडले की सोन्याकडून सुमारे ९.७, तांब्याकडून ८ आणि चांदीकडून २२ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे क्ष-किरण उलट येतात. कोणाचे किती, यावरून थोड्याच वेळात टक्केवारी पडद्यावर उमटते. २२ कॅरेटला ९१.६. घासणे नाही, वितळवणे नाही.

मात्र सोन्यात ही नजर जेमतेम काही मायक्रॉन खोल जाते. जाड मुलाम्याखालची भेसळ तिला दिसत नाही. म्हणूनच हॉलमार्किंगसाठी दागिन्याचा कण काढून भट्टीत तावून पाहण्याची जुनी परीक्षा अजून टिकून आहे. मोड देताना दोन-तीन जागी तपासून घ्यावे आणि आकड्यांची चिठ्ठी मागावी.