घर मुलाच्या नावे, म्हातारपण कुणाच्या?

आमच्या शाळेच्या मागे एक चाचा राहतात. वय ऐंशीच्या पुढे. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, त्यामुळे मोहल्ल्यातले लोक कागद वाचून घ्यायला माझ्याकडे येतात. विजेचं बिल, कोर्टाची नोटीस, आखातातल्या मुलाच्या कंपनीचं पत्र, काहीही. गेल्या पावसाळ्यात चाचा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून एक बक्षीसपत्र घेऊन आले. पाच वर्षांपूर्वी त्यांनी राहतं घर थोरल्या मुलाच्या नावे करून दिलं होतं. आता मुलाला ते विकून पनवेलकडे फ्लॅट घ्यायचा आहे. चाचांनी विचारलं, "टीचर, यात माझ्याबद्दल काय लिहिलंय?"

मी दोनदा वाचलं. प्रेमापोटी दिलं, कब्जा दिला, यापुढे माझा व माझ्या वारसांचा काही हक्क राहिला नाही. चाचांबद्दल एवढंच होतं. ते कुठे राहतील, कोण सांभाळेल, यावर एक ओळही नव्हती. चाचांना दोन मुलीही आहेत. कागदात त्यांचं नावसुद्धा नव्हतं.

त्या दिवसापासून मी या विषयावरची पुस्तकं काढून बसले. मला वाटलं होतं, आपल्या कायद्यात वारसांचे हिस्सेच तेवढे लिहिलेले असतील. पण आपल्या फकीहांनी आणि पुढे इंग्रजी न्यायालयांनी देणाऱ्या म्हाताऱ्याचा प्रश्न फार बारकाईने हाताळलेला आहे.

मुळापासून सांगते. हजरत साद बिन अबी वक्कास मक्केत आजारी पडले, तेव्हा त्यांना एकच मुलगी होती. सगळी संपत्ती दान करू का, असं त्यांनी रसूलुल्लाहना विचारलं. नाही म्हटल्यावर अर्धी, मग तृतीयांश. तृतीयांशाला परवानगी मिळाली, तीही हे पुष्कळ झालं असं सांगून. वारसांना लोकांपुढे हात पसरायला लावण्यापेक्षा सधन ठेवून जाणं बरं, हे कारण दिलं गेलं. वसीयतीची एक तृतीयांशाची मर्यादा इथून आली. मरणाच्या आजारात, म्हणजे मर्ज-उल-मौतमध्ये केलेल्या हिब्यालाही हीच मर्यादा लागते.

धडधाकट असताना दिलेल्या हिब्याला मात्र मर्यादा नाही. देणाऱ्याने जाहीर करायचं, घेणाऱ्याने स्वीकारायचं, कब्जा द्यायचा. या तीन गोष्टी झाल्या की हिबा पुरा. तोंडी झाला तरी चालतो. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये हफीझा बीबींच्या खटल्यात हे पुन्हा सांगितलं, आणि तोंडी हिब्याची नंतर लिहून ठेवलेली नोंद रजिस्टर केलेली नाही एवढ्यावरून तो बाद होत नाही, असंही म्हटलं. ही सोय मोठी आहे आणि धोकाही तिच्यातच आहे. हिब्यात हिब्याशी विसंगत अट घातली, तर जुन्या नियमाप्रमाणे अट गळून पडते आणि हिबा उभा राहतो. "घर दिलं, पण तुला विकता येणार नाही," असं बापाने लिहिलं तर घर जातं आणि 'पण' वाऱ्यावर उडतं.

मग बापाने काय करायचं? १८६७ मध्ये प्रिव्ही कौन्सिलसमोर नवाब उमजद अली खान विरुद्ध मोहमदी बेगम हा खटला आला. एका वडिलांनी सरकारी रोखे मुलाच्या नावे करून हाती दिले होते, मात्र आपण जिवंत असेपर्यंत त्यांचं व्याज आपल्याला मिळावं असं ठरवलं होतं. अशा अटीमुळे हिबाच बिघडला, हा आक्षेप. न्यायाधीशांनी हिबा वैध धरला आणि व्याजाचा करारही टिकवला. मूळ वस्तू वेगळी, तिचं उत्पन्न वेगळं. वस्तू पूर्ण देऊनही उत्पन्न स्वतःकडे ठेवता येतं. आजचे वकील याच वाटेने जातात.

दुसरी वाट वक्फ अलल-औलादची, म्हणजे कुटुंबासाठी केलेल्या वक्फाची. मिळकत अल्लाहच्या नावे बांधायची, उत्पन्न मुलाबाळांना, वंश संपला तर गरिबांना. घरच्यांवर केलेला खर्च हाही सदका, हा त्यामागचा विचार. बंगालमधल्या दोन भावांनी असा वक्फ केला होता. १८९४ मध्ये अबुल फता विरुद्ध रसमय धर चौधरी या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने तो बाद केला. गरिबांचा वाटा इतका दूरचा आणि अनिश्चित की तो नावापुरताच आहे, असं त्यांचं म्हणणं. कलकत्ता हायकोर्टात न्यायमूर्ती अमीर अली यांनी दोन वर्षं आधीच उलट मत मांडलं होतं, पण ते एकटे पडले. या निकालाने देशभरातल्या कितीतरी कौटुंबिक वक्फांचा पाया हलला. मौलाना शिबली नोमानी यांनी उलेमांची मतं गोळा करून मोहीम चालवली. मुंबईच्या मुसलमानांचे प्रतिनिधी म्हणून कायदेमंडळात गेलेले बॅरिस्टर जिना यांनी १९११ मध्ये विधेयक मांडलं आणि १९१३ मध्ये कायदा झाला. तो आधीच्या वक्फांना लागू नाही असं न्यायालयं म्हणू लागली, तेव्हा १९३० मध्ये आणखी एक कायदा करावा लागला.

१९१३ च्या त्या कायद्यातलं एक पोटकलम मी वाचलं तेव्हा थांबलेच. वक्फ करणारा हनफी असेल, तर मिळकतीच्या उत्पन्नातून हयातभर स्वतःचा निर्वाह करण्याची आणि स्वतःचं कर्ज फेडण्याची तरतूद तो करू शकतो. म्हणजे वारसांची सोय आणि स्वतःचं म्हातारपण एकाच कागदात. ही सवलत इमाम अबू यूसुफ यांच्या मतावरून आली. इमाम मुहम्मद यांना ती मान्य नव्हती.

पण ती फक्त हनफींना! मी मूळची सोलापूरची, आम्ही हनफी. चाचा कोकणी, म्हणजे शाफई. शाफईंच्या प्रमुख मतानुसार स्वतःसाठी वक्फ करता येत नाही. मात्र शाफई मसलकात दुसरं एक दार उघडं आहे: बापाने मुलाला दिलेला हिबा बाप परत घेऊ शकतो, आईसुद्धा. हनफींकडे मुलाला दिलेलं परत घेता येत नाही. एका मसलकाने म्हाताऱ्याला उत्पन्न राखून दिलं, दुसऱ्याने परत मागायचा हक्क दिला. शाफईंच्या हक्काला दोन अडचणी आहेत. वस्तू मुलाने विकून टाकली की तो संपतो. आणि आपल्याकडे, कब्जा एकदा दिला की नुसतं "परत घेतलं" म्हणून चालत नाही, न्यायालयाचा हुकूमनामा लागतो.

मुलींचं सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. हजरत नुमान बिन बशीर लहान असताना त्यांच्या वडिलांनी त्यांना एक भेट दिली. आईने, अमरा बिंत रवाहा यांनी, रसूलुल्लाहना साक्षी ठेवा असा हट्ट धरला. सगळ्या मुलांना असंच दिलंस का, हा पहिला प्रश्न आला; उत्तर नाही असल्यावर त्यांनी साक्षी व्हायला नकार दिला. आपल्याकडे जिवंतपणी मुलाला हिबा करण्यामागे पुष्कळदा मुलींचा हिस्सा चुकवणं हेच असतं, हे आपण सगळे जाणतो. १८४७ मध्ये मुंबईच्या सुप्रीम कोर्टात खोजा आणि मेमन घरांतल्या मुलींनी कुरआनप्रमाणे हिस्सा मागितला. सर अर्स्किन पेरी यांनी जमातीची चालरीत वरचढ धरली आणि मुली हरल्या. १९३७ च्या शरीयत कायद्याने अशा रिवाजांना बाजूला सारलं, पण शेतजमीन त्याच्या यादीतून वगळली. २०२५ च्या वक्फ दुरुस्तीत तर स्पष्टच लिहिलं आहे की, वक्फ अलल-औलाद केल्याने स्त्रियांसह कुठल्याही वारसाचा हक्क बुडता कामा नये. त्या दुरुस्तीतल्या इतर कलमांवर मला बरंच म्हणायचं आहे, ते पुन्हा कधी. या ओळीवर मात्र माझं भांडण नाही.

आता चाचांच्या कागदाकडे येते. २००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा सर्व धर्मांना लागू आहे. त्याचं कलम २३ सांगतं की, सांभाळ करण्याच्या अटीवर मिळकत दिली आणि घेणाऱ्याने सांभाळलं नाही, तर तो व्यवहार रद्द करून घेता येतो. जुन्या नियमात अट मरत होती, इथे अट मोडली की दानच मरतं. अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणापुढे करायचा असतो. पण अट सिद्ध व्हावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सुदेश छिकारा प्रकरणात हे ठासून सांगितलं. जानेवारी २०२५ मध्ये ऊर्मिला दीक्षित यांना मात्र घर परत मिळालं, कारण आईला सांभाळीन असं मुलाने वेगळ्या कागदावर लिहून दिलेलं होतं. न्यायालयाने दोन्ही कागद एकत्र वाचले.

मी चाचांना विचारलं, मुलाचं असं काही लिहिलेलं आहे का? एखादं पत्र, व्हॉट्सअ‍ॅपवरचा आवाज? ते हसले. बापलेकांत कुणी लिहून घेतं का, म्हणाले. बक्षीसपत्र करून देणाऱ्याने "सांभाळाची अट घालू का?" म्हणून विचारलं होतं, हे त्यांना आठवत होतं. मुलगा शेजारी बसलेला, लाज वाटली, म्हणून नको म्हणाले. त्या लाजेपायी एक ओळ राहून गेली. घर अजून विकलेलं नाही, तेवढ्यात रत्नागिरीला वकिलांना भेटा, शाफई आहात हे आवर्जून सांगा, असं मी म्हटलं.

घडी घालून त्यांनी कागद पिशवीत ठेवला. रक्तदाबाच्या गोळ्या त्याच पिशवीत होत्या. धाकट्या मुलीने चिपळूणहून पाठवलेल्या. निघताना दारात थांबून म्हणाले, "मुलींना यातलं काही कळवू नकोस हां, टीचर."

मी अजून कळवलेलं नाही.