लाचार

आमच्या उर्दू शाळेत एकदा आम्ही 'लाचार'चा अर्थ विचारला. एक मुलगा चटकन म्हणाला, "सर, ज्याच्याकडे चारा नाही तो." वर्ग हसला. शहापूर-मुरबाडकडची मुले, 'चारा' म्हटले की त्यांना गोठ्यातला पेंढाच आठवणार.

फारसीत मात्र 'चारा' म्हणजे उपाय, इलाज. त्याच्या आधी अरबी 'ला' लागला. कलम्याच्या आरंभी येतो तोच हा नकाराचा 'ला'. लाचार म्हणजे ज्याच्यापुढे उपाय उरला नाही तो. त्याच 'चारा'ला फारसी 'बे' लागून 'बेचारा' झाला, मराठीत 'बिचारा'. दरबारी फारसीतून असे कितीतरी शब्द मराठीत आले. माधव ज्यूलियन यांनी तर १९२५ साली फारशी-मराठी कोशच सिद्ध केला.

नवल पुढेच आहे. मुळात दोन्ही शब्द एकाच अर्थाचे. पण मराठीत बिचाऱ्याच्या वाट्याला कणव आली आणि लाचाराच्या वाट्याला तिरस्कार. 'त्याने लाचारी पत्करली' म्हटले की माणूस लाळघोट्या ठरतो, जणू दुसरी वाट असूनही त्याने मान वाकवली. उर्दूत लाचार म्हणताना माणसाची परिस्थिती सांगितली जाते. मराठीत त्याचा स्वभाव काढला जातो.

आमच्या तालुक्यांत हा फरक केवळ कोशातला नाही. इथली कातकरी कुटुंबे पावसाळ्यात खायची ददात पडली की भट्टीमालकाकडून बयाणा उचलतात आणि दिवाळीनंतर बिऱ्हाड घेऊन कल्याण-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. 'बयाणा'च्या मुळाशी अरबी 'बै' आहे, म्हणजे विक्री. विकण्यासारखे तर त्यांच्यापाशी हातांखेरीज काही नसते. 'वेठबिगार' हा शब्दही पाहावा. 'वेठ' संस्कृत 'विष्टी'वरून आली, 'बिगार' फारसी 'बेगार'वरून. राज्ये बदलली, फुकटची मेहनत तीच राहिली. राज्यघटनेच्या अनुच्छेद २३ने ती मना केली. त्याच्या इंग्रजी मजकुरातही 'बेगार' हाच शब्द आहे. १९७६ साली वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा झाला. तरी बयाणा फिटला नाही म्हणून पुढच्या साली पुन्हा त्याच भट्टीवर जाणारी घरे आहेत.

"ही माणसं लाचारच हो," असे चहाच्या टपरीवर सहज बोलले जाते. आम्हीही बरीच वर्षे तसेच बोलत होतो.