कबुलीनंतरचा बचाव : कूर्व्हाझिए खटला, १८४०

इंग्लंडमध्ये १८३६ च्या कायद्यापूर्वी, राजद्रोह वगळता, गंभीर गुन्ह्यांच्या खटल्यांत आरोपीच्या वकिलास ज्यूरीपुढे भाषण करण्याचा अधिकार नव्हता. तो मिळताच त्याच्या मर्यादेचा प्रश्न उद्भवला. १८४० मध्ये लॉर्ड विल्यम रसेल यांच्या खुनाचा खटला चालू असतानाच त्यांचा नोकर कूर्व्हाझिए याने आपले वकील चार्ल्स फिलिप्स यांच्यापाशी गुन्हा कबूल केला. फिलिप्स यांनी न्यायासनावरील बॅरन पार्क यांचा सल्ला घेतला. आरोपीचा आग्रह असल्यास बचाव सोडू नये, असे त्यांस सांगण्यात आले. आरोपी फाशी गेला. परंतु निरपराध मोलकरणीवर संशय लोटल्याचा ठपका फिलिप्स यांच्यावर कायम राहिला. पुरावा कसोटीस लावणे हे वकिलाचे कर्तव्यच होय. जाणूनबुजून दुसऱ्यास दोषी भासविणे नव्हे.